तिसरं पालुपद

स्तोत्र संपलं तरी हेडबाईंनी कानावरचे हेडफोन काढले नाहीत. दोन्ही हातांनी ते डोक्याला दाबून धरून त्या बसून राहिल्या, मान जराशी डावीकडे वळवून, उजवा कान पुढे करून. डावा कान केव्हाच कामातून गेलाय त्यांचा. मला वाटलं, भरून आलं असेल. आमच्याकडे असं होतं. माणसं येतात, आपल्या आजोबांच्या बँडनं वाजवलेली मार्चची धून ऐकतात आणि खिशात रुमाल शोधायला लागतात. त्यासाठी अण्णांनी टेबलावर कागदी रुमालांचा खोका कायमचाच ठेवलाय. मी तो हळूच पुढे सरकवला.

बाईंनी खोक्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"झालं? एवढंच?"

"हो बाई. तिन्ही कडवी आली."

"मग मी कुठाय?"

मला प्रश्नच कळला नाही. मी अण्णांकडे बघितलं. अण्णा कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत होते, पण चष्मा त्यांनी कपाळावर चढवला होता. म्हणजे ते काहीच बघत नव्हते.

"तिसऱ्या पालुपदात मी रडते," हेडबाई म्हणाल्या. हजेरी घेताना एखादं नाव दुसऱ्यांदा पुकारावं, तसा आवाज. "आठ महिन्यांची होते मी. घरी सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून आईनं मला दुपट्यात गुंडाळून गायला नेलं. पुढच्या बाकावर निजवलं. तिसरं पालुपद सुरू झालं आणि मी भोकाड पसरलं. आई गायची थांबली, मला उचललं आणि पुन्हा गायला लागली. मावशी त्याच रांगेत होती. तिनं मला हे हजारदा सांगितलंय. कुठाय ते?"

ते कुठे आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं.

आमचा संग्रह म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. ज्यांच्या हक्काची मुदत संपली आणि जी आता सगळ्यांची झाली, अशी जुनी ध्वनिमुद्रणं आम्ही गोळा करतो, साफ करतो आणि खुली ठेवतो. नाताळची गाणी, स्तोत्रं, अग्निशामक दलाच्या बँडचे मार्च, नावंही उरली नाहीत अशा वादकांची व्हायोलिनं आणि पियानो. कुणीही यावं, फुकट उतरवून घ्यावं, शाळेच्या कार्यक्रमात वाजवावं, सिनेमात घालावं. कुणाला विचारायला नको. अण्णा पूर्वी रेडिओवर ध्वनिमुद्रणाचं बघायचे. ते तबकड्या वाजवतात, मी साफसफाई करते. बरीचशी घरूनच करते, माझी लेक ठकी झोपली की. एका कानाला हेडफोन, दुसरा कान तिच्याकडे. सासूबाई म्हणतात, "जुन्या गाण्यांतली धूळ झाडतेस होय? बरं बरं. कपाटावरची गाणी म्हणायला लागली की तीही झाडशील."

हेडबाईंची तबकडी दुकानातून विकत आणलेली नव्हती. तसली दुकानातली असती, तर तिच्या बहिणी कुठेतरी सापडल्या असत्या. ही जागेवर कोरलेली. कधीकाळी कुणीतरी यंत्र घेऊन त्या प्रार्थनागृहात आलं होतं आणि तीस बायकांचं गाणं सरळ तबकडीवर कोरून देऊन निघून गेलं होतं. एकुलती एक. आत अॅल्युमिनिअमचा पत्रा, वर लाखेसारखा काळा थर, आणि गाणं त्या थरात कोरलेल्या बारीक घळींत. असला थर म्हातारा झाला की आक्रसतो. मग ओल आलेल्या भिंतीसारखे त्याला पोपडे धरतात. या तबकडीला एकच फोड आला होता, अंगठ्याच्या नखाएवढा. नेमका तिसऱ्या पालुपदावर.

त्या फोडावरून सुई नेली असती तर पोपडा निघाला असता. म्हणून अण्णांनी फोडाच्या आधी सुई उचलली आणि पलीकडे टेकवली. मधे जे भगदाड पडलं, तिथं मी दुसरं पालुपद कापून आणून बसवलं. शब्द तेच, चाल तीच, बायका त्याच. आम्ही याला रफू म्हणतो. टाका कुठे पडलाय ते शोधूनही सापडू नये इतकी छान रफू जमली होती मला. माहितीच्या रकान्यात 'तिसरे पालुपद दुरुस्त केलेले' असं इमानदारीत लिहिलंही होतं. पण ऐकायला येणारा माणूस रकाने कुठे वाचत बसतो?

मी बाईंना सगळं सांगितलं. फोड, उडी, रफू. माझं बोलणं संपल्यावर त्यांनी हेडफोन काढून नीट टेबलावर ठेवले, वायरीची गुंडाळी केली आणि म्हणाल्या, "म्हणजे सुई तिथून गेलीच नाही."

"नाही."

"म्हणजे मी अजून तिथंच आहे."

"असाल," अण्णा पहिल्यांदाच बोलले. "किंवा नसालही. बाई, राग मानू नका, पण लहान मुलीला मावशा काय काय सांगतात! मला माझी आत्या सांगायची की मी जन्मलो तेव्हा हसत होतो."

"तुम्ही हसत असाल हो. तुमच्याकडे बघून तसंच वाटतं." हेडबाईंनी त्यांना एका वाक्यात बसवलं. मग माझ्याकडे वळल्या. "हे बघ मुली. मला दुसरं वर्ष लागलं आणि आई गेली. फोटो आहे माझ्याकडे. फोटोत तिचं तोंड मिटलेलं आहे. या तबकडीत ती गाते, पण तिच्यासोबत आणखी एकोणतीस जणी गातात. त्यातली माझी कुठली, हे मी कसं ओळखायचं? ती फक्त एकदा गायची थांबते. जी थांबते, ती माझी. कळलं?"

मला कळलं. इतकं लख्ख कळलं की मला त्यांच्याकडे बघवेना.

अण्णा समजावायला लागले. दूरदेशी एक यंत्र आहे, सुई न लावता नुसत्या उजेडानं तबकडी वाचतं. तिकडे पाठवू. रांग मोठी आहे, एक-दोन वर्षं लागतील, पण थर फाटणार नाही. तबकडी इतकी वर्षं राहिली, अजून थोडी राहील.

"तबकडी राहील," हेडबाई म्हणाल्या. "कानाचं काय? पुढच्या आठवड्यात उजव्या कानाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर चांगला आहे, खरं बोलतो. म्हणाला, जमलं तर बरंच ऐकू येईल, नाही जमलं तर आहे तेवढंही जाईल. तोपर्यंत मला ऐकायचंय. तबकडी कुणाची?"

"तुमची."

"मग वाजवा."

"आणि पोपडा निघाला नि आत रडणंबिडणं काही नसलंच तर?" अण्णांचा आवाज चढला. असं सहसा होत नाही. "मग ना तबकडी राहिली, ना मावशीची गोष्ट. आत्ता निदान गोष्ट तरी आहे तुमच्याकडे."

हेडबाईंनी पर्सची चेन लावली. उघडली. पुन्हा लावली. मला वाटलं, आता त्या उठून जातील, आणि खोटं कशाला बोलू, मला तसंच व्हायला हवं होतं.

"नसलं तर नसलं," त्या म्हणाल्या. "गुरुवारी येते."

त्या जिना उतरून गेल्यावर अण्णांनी आपला उजवा हात टेबलाच्या वर धरला आणि मला दाखवला. बोटं थरथरत होती. वाऱ्यानं हलावीत इतकीच, पण थरथरत होती.

"साध्या तबकडीला चालून जातं," ते म्हणाले. "याला नाही चालणार. तुलाच करावं लागेल."

"मी? अण्णा, मी आजवर फक्त माउसच धरलाय!"

"दहा महिने पोर धरतेयस ना? झोपलेलं पोर खांद्यावरून गादीवर ठेवतेस, तेव्हा उठतं का?"

"कधी कधी उठतं."

"बघ. म्हणजे कधी कधी उठत नाही."

तीन दिवस मी भंगारातल्या तबकड्यांवर हात बसवला. चिरलेले, कडा उडालेले मार्च. तबकडी अर्ध्या वेगानं फिरवायची, म्हणजे फोडावर सुईला हिसका बसत नाही. सुईचा हात, म्हणजे सुई बसवलेला दांडा, इतका हलका ठेवायचा की तो जेमतेम टेकेल. आणि रंगकामाचा बारीक ब्रश आडवा धरून त्या हाताला खालून आधार द्यायचा. सुई उडायला बघते, तेव्हा ब्रशनं नुसतं सांगायचं, नको. ढकलायचं नाही. ढकललं की ओरखडा. पहिल्या दिवशी मी दोन मार्चांची वाट लावली. तिसऱ्या दिवशी एका मार्चमधला ढोल चिरेवरून सहीसलामत पलीकडे गेला आणि अण्णांनी "शाब्बास" म्हणण्याऐवजी मला फक्त बिस्किटाचा पुडा दिला.

गुरुवारी सासूबाईंना डोळे तपासायला जायचं होतं. तारीख त्यांनी महिन्यापूर्वी घेतलेली आणि माझ्या लक्षातून पार निसटलेली. नवरा सकाळच्या पाळीला बसवर. म्हणजे ठकीला सोबत नेणं आलं.

मी तिला तिथेच पाजलं, थोपटलं आणि आतल्या खोलीत तिच्या टोपलीत निजवलं. दोन खोल्यांच्या मधे काचेची भिंत आहे. तिथून मला टोपलीची कड आणि ठकीची एक मूठ दिसत होती. हेडबाई आल्या, काचेतून वाकून बघितलं.

"झोपलीय?"

"आत्ताच."

"मग तिच्याकडे बघू नकोस. बघितलं की उठतात."

आमची जमीन लाकडी फळ्यांची आहे. एरवी त्याचं काही वाटत नाही, पण सुई इतकी हलकी असली की कुणी नुसतं पाऊल टाकलं तरी फळी दबते आणि सुई नाचते. अण्णांनी खाली जाऊन सायकलवाल्याला हातोडा बंद ठेवायला सांगितलं होतं. वर येऊन त्यांनी आम्हालाही बजावलं. "एकदा सुई टेकली की कुणी उठायचं नाही. काहीही झालं तरी. बाई, खोकला आला तर बसल्या बसल्या खोका. पाय मात्र हलवू नका."

"चाळीस वर्षं मुलांना हेच सांगत आले," हेडबाई म्हणाल्या.

अण्णा कॉम्प्युटरपाशी बसले. बाई दाराजवळच्या खुर्चीत. मी तबकडीसमोर स्टुलावर, डाव्या हातात ब्रश. फोड पहिल्यापेक्षा वर आला होता आणि त्याच्या कडेला केसाएवढी भेग पडली होती. ती मी अण्णांना दाखवली. त्यांनी मान हलवली. भेग होती म्हणजे आज नाही तर उद्या पोपडा आपणहूनच सुटणार होता. आता मागे फिरण्यातही काही हशील नव्हतं.

"टेकव."

मी तिसऱ्या कडव्याच्या सुरुवातीला सुई टेकवली. स्पीकर बारीक ठेवला होता. त्यातून एक जाडाभरडा, लांबत जाणारा आवाज येऊ लागला.

"ह्या बायका आहेत?" हेडबाईंनी विचारलं.

"अर्ध्या वेगानं सगळ्याच बायका रेडे होतात," अण्णा म्हणाले. "नंतर वेग दुप्पट करू. मग पुन्हा बायका."

कडवं नीट गेलं. मी श्वास अर्धाच घेत होते. तबकडी फिरत होती, फोड दर फेऱ्याला सुईच्या जवळ येऊन बाजूनं निघून जात होता, आणि दर फेऱ्याला जरा आणखी जवळून. डोंगर जवळ यावा तसा तो नखाएवढा फोड मला दिसायला लागला होता. मग पालुपद सुरू झालं आणि सुई त्याच्या कडेला लागली.

ठप्प.

सुईचा हात वर उचलला गेला, ब्रशला टेकला, खाली आला. घळीतच. सुटली नव्हती.

ठप्प.

आणि आतल्या खोलीत ठकी उठली.

आधी तिचं ते कुरकुरणं, कुणी आहे का बघण्यासाठीचं. त्याला उत्तर मिळालं नाही तेव्हा एक हुंकार. मग तिनं सूर लावला. मला तिच्याकडे बघायची गरज नव्हती. मूठ टोपलीच्या कडेवर आली असणार, चेहरा लाल झाला असणार, खालचा ओठ बाहेर.

ठप्प.

हेडबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. अण्णांनी तोंडातून आवाज न काढता हात असा काही वर केला की त्या तशाच मधे थांबल्या आणि सावकाश, फळी न दाबता, पुन्हा खाली बसल्या.

हवेतल्या आवाजाचं सुईला काही नसतं, हे अण्णांनी आधीच सांगितलं होतं. ठकी वाटेल तेवढी रडली तरी तबकडीला ऐकू जाणार नव्हतं. हलायचं मात्र कुणी नव्हतं. मला हे डोक्यानं माहीत होतं. बाकीच्या अंगाला माहीत नव्हतं. तिच्या दुसऱ्या टाहोला मला पान्हा फुटला. कुर्ता पुढून ओला होत चालला आणि तो गरमपणा खाली उतरत गेला. माझा डावा हात ब्रश धरून होता. त्या हातानं पहिल्यांदाच माझ्याविरुद्ध काहीतरी म्हटलं. उचल, म्हणाला. सुई उचल आणि जा. बाईंची आईसुद्धा थांबली होती ना गायची? ती थांबली म्हणून तर हे सगळं चाललंय.

मी सुई उचलली नाही. ते बरोबर केलं की चूक, हे मला आजही सांगता येणार नाही. फोडाच्या कडेची भेग उघडत होती आणि आता सुई उचलली असती तर ती पुन्हा त्याच घळीत बसली नसती.

"श्श, श्श," मी म्हणाले, ओठ न हलवता. "आहे गं, आहे. इथंच आहे." काचेपलीकडे ते पोचलं नसेलच.

मग मला दुसरा आवाज ऐकू आला. हेडबाई गुणगुणत होत्या. बसल्या जागी, पाय जमिनीला खिळवून, नुसत्या नाकातून. तबकडी अर्ध्या वेगानं चालली होती आणि त्या तिच्यासोबतच जात होत्या, एकेक सूर दुप्पट लांबवत. ठकी दचकून गप्प झाली. एक श्वासभर. मग पुन्हा रडायला लागली, पण आता तिच्या रडण्यात एक प्रश्न होता.

ठप्प. सुई फोडाच्या माथ्यावर. काळ्या थराची एक कड उचलली गेली आणि पेन्सिल तासताना निघते तशी तिची बारीक वळी व्हायला लागली. सुई तिच्या पुढे होती. फक्त एका घळीनं पुढे. ब्रशखाली मला तिचं थरथरणं कळत होतं आणि मी म्हणत होते, नको, नको, नको. स्पीकरमधून खरखर, ठोके, रेड्यांचं गाणं, आणि त्याखाली काहीतरी लांबच लांब हंबरल्यासारखं. ते तबकडीतलं होतं, की खालच्या रस्त्यावरच्या ट्रकचं, की आमच्या ठकीचंच, मला ओळखू येईना.

आणि एकदम गुळगुळीत. ठोके बंद. सुई पलीकडच्या घळीत होती.

अण्णांनी पालुपद पुरतं संपू दिलं. मग बोट वर केलं. "उचल."

मी सुई उचलली, ब्रश खाली टाकला आणि धावले. फळ्या करकरल्या. करकरू देत.

ठकीला ओढणीआड घेऊन मी बाहेर येऊन बसले तेव्हा ती हुंदके देत देत पीत होती, माझ्याकडे रागानं बघत. हेडबाई तबकडीपाशी उभ्या होत्या. फोडाच्या जागी आता काळं काही नव्हतं, नुसता चकचकीत पत्रा. वळी बाजूला पडली होती. त्यांनी ती उचलली नाही.

"गेलं ते," त्या म्हणाल्या.

"तबकडीतून गेलं. आमच्याकडे आलं का, ते बघू," अण्णा म्हणाले. त्यांनी वेग दुप्पट केला, नुसता वेग. बाकी कशाला हात लावला नाही. बाईंना हेडफोन दिले आणि आमच्यासाठी स्पीकर मोठा केला. 

तिसरं कडवं. रेड्यांच्या पुन्हा बायका झाल्या. पालुपद. ठोका. ठोका. खरखर.

आणि एक तान्हं बाळ रडलं.

काही शंकाच नव्हती. आधी कुरकुर, मग हुंकार, मग सूर. ठकीनं पिणं सोडलं आणि मान वळवून स्पीकरकडे बघितलं. हेडबाई हलल्या नाहीत. त्या त्याच्यासाठी आल्याच नव्हत्या. त्या पुढच्यासाठी थांबल्या होत्या.

मी या तीस बायकांसोबत दोन आठवडे काढले होते. सगळं गाणं मला तोंडपाठ होतं आणि त्यातली एकही बाई मला वेगळी माहीत नव्हती. आता एक आवाज गेला. मधल्या पट्टीतला, जरा जाडसर. तो आहे हे मला तो जाईपर्यंत कळलं नव्हतं. दात पडल्यावर जीभ जिथं जात राहते, तशी ती जागा. त्या जागेत, अगदी पुसट, कुणीतरी म्हणालं, "श्श, श्श." बाळ थांबलं. आणि तो आवाज परत आला. अर्धी ओळ उशिरा, धापा टाकत, सुराच्या जरा खाली. मग वर चढला आणि बाकीच्यांत मिसळला.

अण्णांनी बंद केलं. खाली सायकलवाल्यानं बहुतेक वाट बघून बघून हातोडा सुरू केला.

"पुन्हा," हेडबाई म्हणाल्या.

पुन्हा. मग पुन्हा. चौथ्यांदा अण्णांनी न सांगता मागे जाऊन गाणं पहिल्या कडव्यापासून लावलं. बाईंनी डोळे मिटले. थोड्या वेळानं त्यांनी एक बोट वर केलं.

"ही."

मलाही ऐकू आली. आता ती सगळीकडे ऐकू येत होती.

"ही. इथंही. ही बघ, श्वास घेते." मग डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, "अगंबाई, ही नाकात गाते!"

"किंचित," अण्णा सभ्यपणे म्हणाले.

"किंचित काय? चांगली नाकात गाते. मीही नाकातच गाते. संगीताचे मास्तर मला कायम मागच्या रांगेत उभं करायचे. म्हणायचे, तुला सर्दी आहे का? मी म्हणायचे, नाही सर." त्या हसायला लागल्या आणि हसता हसताच त्यांनी हात लांब करून खोक्यातला कागदी रुमाल घेतला. एक घेतला, मग तीन-चार एकदम.

संग्रहात कुठलं ठेवायचं, हा प्रश्न अण्णांनी काढला. रफू केलेलं स्वच्छ, की हे?

"हे. रडण्यासकट."

"बाई, हे सगळ्यांसाठी खुलं असतं. कुणीही उतरवून घेईल, त्याचं काहीही करेल. कुणाला प्रार्थनेला लावायचं असलं तर तो हे रडणं पहिल्यांदा कापेल. आपण कुणाला अडवू शकत नाही."

"कापू देत. त्यांना गाणं हवं असेल, त्यांचं काय चुकलं? मला हवं ते मला मिळालंय." मग त्या म्हणाल्या, "पण आहे तसं एकदा तिथं असू दे. कुणीतरी न कापणारंही निघेल."

मी तेवढ्यात आत्ताच घेतलेलं मूळ ध्वनिमुद्रण पुन्हा लावून बघत होते, एका हातानं ठकीला धरून. सुई फोडावर होती तेव्हाच ठकी जिवाच्या आकांतानं ओरडत होती. ध्वनिमुद्रणात तिचा मागमूस नव्हता. तबकडीतलं बाळ होतं, त्याची आई होती. माझी ठकी कुठेच नव्हती. असायला नको होती, तेच बरोबर होतं, अण्णांनी आधीच सांगितलं होतं. तरी मी तिथंच थांबून राहिले.

हेडबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग ठकीकडे. शाळेत चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला काही सांगावं लागत नाही.

"अण्णा, तुमच्याकडे माईक आहे का? का सगळी दुकानदारी मेलेल्यांचीच?"

अण्णांनी कपाटातून माईक काढला, फुंकर मारून धूळ उडवली, टेबलावर उभा केला. मी ठकीला त्याच्यासमोर धरलं. लाल दिवा लागला. ठकीनं माईककडे बघितलं, अण्णांकडे बघितलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

"रड की गं," हेडबाई म्हणाल्या. "मघाशी एवढा गळा काढलास, आता काय झालं?"

ठकी गप्प.

"भ्यायलीय," मी म्हणाले.

"भ्यायलीय कुठली! आपल्याकडे बघून मजा बघतेय. थांब." आणि त्या वाकून, अगदी तिच्या तोंडाजवळ तोंड नेऊन, पालुपद गुणगुणायला लागल्या. पूर्ण वेगानं. नाकातून.

पुढच्या आठवड्यात बाई कानाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात भरती झाल्या. त्या दिवशी माईकवर घेतलेलं ते ध्वनिमुद्रण माझ्याकडे आहे. संग्रहात नाही, घरी आहे. त्यात ठकीला एकदाच उचकी लागते. बाकी सगळ्या हेडबाईच आहेत, मागे अण्णांच्या खुर्चीची करकर, खाली सायकलवाल्याचा हातोडा. मी त्यातलं काहीही साफ केलेलं नाही.